माहितीचा रतीब: फीड रीडर कसा वापरावा

ब्रिटनमध्ये परिचारिकांना दर तीन वर्षांनी नोंदणी पुढे चालू ठेवण्यासाठी ३५ तासांचे व्यावसायिक शिक्षण दाखवावे लागते. डॉक्टरांचे पुनर्प्रमाणीकरण साधारण दर पाच वर्षांनी होते. सॉफ्टवेअरवाल्यांना असा नियम नाही, पण मागे पडून त्यांनाही चालत नाही. तास कसेही भरता येतात. खरी अडचण वेगळी आहे: एखाद्या औषधाबद्दलची सूचना आज निघाली आणि आपल्याला ती महिन्याभराने कळली तर? ती आलेली असते, पण न उघडलेल्या दोनशे ईमेलच्या खाली दबलेली असते. समाजमाध्यमांवर तर काय वर दिसावे हे आपण ठरवतच नाही.

यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे फीड. दुधाचा रतीब लावतो तसा हा माहितीचा रतीब. कोणाकडून घ्यायचा हे आपण ठरवतो आणि नको झाला की बंद करतो.

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक छोटी फाइल. नव्या मजकुराचे शीर्षक, तारीख, दुवा आणि थोडक्यात सारांश एवढेच तिच्यात असते. फीड रीडर ठरावीक वेळाने जाऊन विचारतो, ‘नवीन काही?’ काही नसेल तर सर्व्हर ‘३०४’ हा आकडा पाठवतो, म्हणजे ‘बदल नाही’, आणि फाइल पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे शंभर ठिकाणी विचारपूस करणेही स्वस्त पडते. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळखखूण असते, म्हणून वाचलेले पुन्हा नवे म्हणून समोर येत नाही.

या फाइलचे दोन प्रकार रूढ आहेत. पहिला आरएसएस (नागपूरच्या संघाशी संबंध नाही!). त्याची सुरुवात १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत झाली. दुसरा अॅटम, तो २००५ मध्ये प्रमाणित झाला. बहुतेक रीडर दोन्ही वाचतात.

फीडचा कल्पक वापर मिल्टन कीन्समध्येच झाला आहे. इथल्या वॉल्टन हॉलमधल्या ओपन युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये ‘ओपनलर्न’वर अभ्याससाहित्य मोफत खुले केले, आणि ते फीडच्या रूपातही दिले. तिथले व्याख्याते टोनी हर्स्ट आपल्या ब्लॉगवर ‘याहू पाइप्स’चे प्रयोग मांडत. तीन फीड एकत्र करा, हवा तो शब्द नसलेल्या नोंदी गाळा, उरलेल्यांचे नवे फीड तयार. २००८ मध्ये त्यांनी विकिपीडियावरचा शहरांच्या लोकसंख्येचा तक्ता गूगलच्या स्प्रेडशीटमध्ये ओढून, पाइप्समार्गे थेट नकाशावर मांडून दाखवला.

पुढे १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला आणि २०१५ मध्ये पाइप्सही. फीडचे दिवस संपले असे अनेकांना वाटले. पण बंद झाली ती दुकाने. रतीब घालणारे होते तिथेच होते. ज्यांनी आपली यादी ‘ओपीएमएल’ फाइलमध्ये उतरवून घेतली, त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये चढवली आणि वाचन पुढे सुरू ठेवले. पॉडकास्ट तर आजही आरएसएसवरच चालतात.

सुरुवात करायला फीडली, इनोरीडर किंवा संगणकावरचे थंडरबर्ड पुरे आहे. मग आपापल्या कामाप्रमाणे रतीब लावावेत:

- वैद्यकीय क्षेत्र: पबमेडवर विषय शोधून ‘क्रिएट आरएसएस’ हे बटण दाबा. त्या शोधात बसणारा नवा शोधनिबंध आपोआप येत राहील. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या इशाऱ्यांचेही फीड मिळते.
- भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र: अर्काइव्हवर प्रत्येक शाखेचे स्वतंत्र फीड असते.
- सॉफ्टवेअर: गिटहबवरच्या प्रकल्पाच्या ‘रिलीजेस’ पानाच्या पत्त्यापुढे ‘.अॅटम’ (रोमन अक्षरांत) जोडले की नव्या आवृत्तीची वर्दी मिळते.

रतीब फार झाले की दूध नासते. म्हणून दोनच कप्पे करा. ‘चुकवायचे नाही’ या कप्प्यात पाच-सात स्रोत ठेवा आणि तो रोज रिकामा करा. ‘सवडीने’ या कप्प्यात बाकीचे. तिथे आठवड्याने ‘सगळे वाचले’ म्हणून मोकळे व्हायला हरकत नाही. महिनाभर उपयोगाचे काही न देणारा स्रोत काढून टाका. आणि आपल्या विषयाबाहेरचे एक-दोन मुद्दाम ठेवा, नाहीतर आपण निवडले तेवढेच जग दिसत राहते.

एक सावधगिरी मात्र हवी. संकेतस्थळाची रचना बदलली की फीड कधी कधी न सांगता थांबते, आणि ‘नवीन काही नाही’ व ‘फीडच बंद पडले’ या दोन्ही गोष्टी रीडरमध्ये बऱ्याचदा सारख्याच दिसतात. म्हणून अधूनमधून प्रत्येक स्रोताच्या शेवटच्या नोंदीची तारीख बघा. रुग्णाच्या जिवाशी संबंधित इशाऱ्यांसाठी ईमेलची सोयही चालू ठेवा. आणि दर तीन-चार महिन्यांनी ओपीएमएल फाइल उतरवून ठेवा; आजचा रीडर उद्या बंद पडला तरी यादी आपल्या हातात राहील.