अष्टागरांतील मुक्काम

इंग्रजींत ज्याला ‘कॅराव्हॅन’ म्हणतात, त्याला आमच्यापैकीं कोणी ‘फिरतें घर’ म्हणतात, कोणी नुसतेंच ‘घरमोटार’. मूळ शब्द फारसी, ‘कारवान’. आपल्या संस्कृतांत त्यासाठीं ‘सार्थ’ हा शब्द प्राचीन काळापासून रूढ आहे. व्यापाऱ्यांचा तांडा तो सार्थ आणि त्याचा नायक तो सार्थवाह. नलाचा शोध करीत निघालेली दमयंती अशाच एका सार्थाबरोबर चालली होती, आणि सरोवराच्या कांठीं तळ पडला असतां रानहत्तींनीं तो रात्रीं तुडविला, ही महाभारतांतील कथा पुष्कळ घरांत ठाऊक आहे. तेव्हां चाकांवर संसार घालून निघणें आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. पूर्वीं लोक पोटासाठीं निघत, आतां हौसेसाठीं निघतात, इतकाच फरक.

या हौसेचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांतील आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारांतून निवृत्त झालेल्या शस्त्रवैद्यानें १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांनीं ओढावयाची गाडी केवळ आपल्या भटकंतीसाठीं बांधवून घेतली. पुढें १९०७ सालीं तेथें अशा हौशी मंडळींचा ‘कॅराव्हॅन क्लब’ निघाला. महाराष्ट्र शासनानें यासंबंधीचें धोरण २०२१ सालीं स्वीकारलें. गाड्या उभ्या करण्याच्या जागीं पाणी, वीज, शौचकूप व सांडपाण्याची व्यवस्था असावी, हा त्यांतील मुख्य भाग. असे पद्धतशीर तळ अद्यापि विरळच आहेत. परंतु रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (१९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा) कित्येक वाडीवाले नारळीपोफळींच्या सावलींत राहुट्यांना, आणि मागितल्यास एखाद्या घरमोटारीलाही, जागा देऊं लागले आहेत.

गेल्या माघांत आम्ही चार जोडपीं, सर्व साठीच्या पुढचीं, पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ या मार्गानें अष्टागरांत गेलों. अलिबाग, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा तो मुलूख. एक भाड्याची घरमोटार आणि तिच्या शेजारीं दोन राहुट्या, असा आमचा तळ नागावच्या बाजूस एका वाडींत पडला. जाणाऱ्यांनीं एक ध्यानांत ठेवावें. अक्षीपासून चौलपर्यंतचा रस्ता वाड्यांच्या गडग्यांमधून जातो. दोन मोटारी समोरासमोर आल्या कीं एकीस मागें हटावें लागतें, आणि वर फांद्या व विजेच्या तारा लोंबत असतात. गाडीची उंची आधीं मोजून यजमानांस कळवावी. आणखी एक सांगतों. अक्षी येथें मराठींतील अति प्राचीन लेखांपैकीं एक शिलालेख आहे. तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. समुद्रस्नानाला जाणाऱ्या मंडळींनीं अर्धा तास काढून तो पाहावा.

पहिल्या दिवसाचें वर्णन थोडक्यांत करण्यासारखेंच आहे. घरमोटारींत ओटा होता, शीतकपाट होतें, बसावयास मऊ बांकें होतीं. आम्ही आठ जण त्या बांकांवर बसलों, चहा घेतला आणि थोड्या वेळानें प्रत्येकाच्या हातीं आपापला मोबाइल आला. ज्यांच्याशीं चाळीस वर्षांची मैत्री, त्यांच्याशीं बोलावयास विषय सांपडेना! सूर्यास्त पाहून आलों, त्याचीं छायाचित्रें एकमेकांस पाठविलीं. एवढ्यासाठीं इतका खर्च करावयास नको होता, असें माझ्या मनांत आलें, व माझ्या मतें तें इतरांच्याही मनांत होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं यजमानांच्या आईनें मागल्या पडवींत कांद्यांचा ढीग ओतला. त्यांचें माहेर खंडाळ्याकडे. खंडाळें, कार्लें, वाडगाव, नेहुली या गांवांतून भाताचें पीक निघाल्यावर त्याच खाचरांत पांढरा कांदा लावतात. हा अलिबागचा कांदा चवीला गोडसर. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांस व जिभेस फारसा झोंबत नाहीं. त्याला आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि तें मागतांना १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरांतील उल्लेखाचा दाखला दिला गेला होता. हा कांदा पातीसकट उपटून सुकवितात आणि त्या सुकलेल्या पातीच माळेसारख्या गुंफतात. रस्त्याच्या कडेला बांबूवर टांगलेल्या या पांढऱ्या माळा ज्यानें पाहिल्या नाहींत, त्यानें उन्हाळ्यांतील अलिबाग पाहिलेंच नाहीं.

आजींनीं आमच्या घरांतील मंडळींस नुसतें विचारलें, “येतें का गं वेणी घालायला?” चौघीजणी लगेच खालीं बसल्या. वेणी कोणास येत नाहीं? परंतु कांद्याची वेणी निराळी. पात फार वाळलेली असली तर तुटते, ओली राहिली तर माळ आंतून कुजते. म्हणून ती हातानें चुरून पाहावी लागते. खालीं मोठे कांदे, वर क्रमानें लहान. प्रत्येक वळणाला नव्या कांद्याची पात आंत घ्यावयाची आणि पीळ घट्ट ओढावयाचा. दहा मिनिटांत आम्ही पुरुषमंडळीही आजूबाजूस बसलों, कोणी पात झाडावयास, कोणी कांदे निवडावयास. आणि मग जी बोलणीं सुरू झालीं, तीं जेवणाचीं पानें मांडेपर्यंत थांबलीं नाहींत. एका वहिनींचा मुलगा परदेशीं आहे. तो आतां कायमचाच तिकडे राहणार, हें त्यांनीं आम्हांस तोंवर कधीं सांगितलें नव्हतें. तें त्यांनीं सांगितलें, तेंही मान वर न करतां, हातांतील पात मोजीत. समोरासमोर बसून चहाच्या पेल्यावर हें त्यांना बोलवलें असतें असें मला वाटत नाहीं. कोणी कांहीं उत्तर दिलें नाहीं. माझ्या पत्नीनें एक चांगला गोल कांदा निवडून त्यांच्या पुढें सरकविला.

आमच्या आजीच्या वेळीं हें रोज घडे. वाती वळतांना, पापड लाटतांना, शेंगा सोलतांना घरांतील बायका जें बोलत, तें बैठकींत कधीं निघत नसे. आतां वाती विकत मिळतात, पापडही मिळतात. मिळोत बापडे! त्यांत वाईट कांहीं नाहीं. सासुरवाशिणीचे कष्ट वांचले हें चांगलेंच झालें. पण कष्टांबरोबर ती पडवीही गेली, आणि तिच्या जागीं दुसरें कांहीं आपण ठेवलें नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं झांप विणणें झालें. नारळाची झांवळी मध्यें चिरून तिचीं पातीं एकाआड एक खालींवर घालीत विणतात. मांडवाला व आडोशाला हे झांप लागतात. तें आमच्या हातून फारसें साधलें नाहीं, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. हीर काढून खराटा बांधणें मात्र जमलें.

संध्याकाळीं पोपटी लावली. पुण्याकडच्या वाचकांना हा शब्द नवा असेल. थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरल्या कीं या जिल्ह्यांत शेताशेतांतून पोपट्या लागतात. मातीचें मडकें घेऊन त्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला दाबून बसवितात. या रानपाल्याला एक उग्र वास असतो, आणि तोच पोपटीचा प्राण. त्यावर ओवा व जाडें मीठ चोळलेल्या शेंगा, मधून मधून बटाटे, रताळीं. इतर लोक आंत अंडीं वा मांसही घालतात, आमची शाकाहारी. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाहीं. तोंड पुन्हा पाल्यानें गच्च भरून मडकें जमिनीवर उपडें ठेवावयाचें आणि भोंवतीं पेंढा, काटक्या, सुक्या झांवळ्या रचून जाळ करावयाचा. अर्ध्या तासाच्या सुमारास मडक्यावर पाणी शिंपडावें. चर्र आवाज उठला कीं झालें. शेंगा आपल्याच रसांत शिजतात.

आमच्यांत दोघे सख्खे चुलतबंधु होते. वडिलार्जित घराची वांटणी झाल्यापासून ते परस्परांशीं तिसऱ्याच्या द्वारें बोलत. “दादांना विचारा, चहा हवा का,” असा तो प्रकार. मडकें भरण्याचें काम योगायोगानें या दोघांकडे आलें. थोरल्यांचें म्हणणें, पाला आणखी हवा. धाकटे म्हणाले, जागा शेंगांना ठेवा. मग बटाटे खालीं कीं मध्यें, यावर वाद पेटला, आणि त्या भरांत धाकटे ओरडले, “दादा, तुम्हांला लहानपणापासून कोणाचें ऐकायची संवयच नाहीं!” क्षणभर सगळे गप्प. थोरले म्हणाले, “बरं बाबा, घाल तुझ्या मनासारखं.” मडकें फोडलें नाहीं, शेंगा करपल्या नाहींत. घराचा प्रश्न मिटला असें मी म्हणत नाहीं. त्याचे कागद अजून वकिलाकडेच आहेत. पण परत येतांना दोघे एका बांकावर बसून आले.

आतां जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन गोष्टी, आणि त्या मी कठोरपणें लिहितों. किनाऱ्यालगतच्या वाडींतील विहिरीचें गोडें पाणी हें खालच्या खाऱ्या पाण्यावर जणूं तरंगत असतें. उपसा बेताचा असला तर तें गोड राहतें. पंपानें बेसुमार ओढलें कीं खालचें खारें वर चढतें, आणि मग पोफळीला तें पाणी मानवत नाहीं. पूर्वीं येथें रहाट होते. बैलाच्या गतीनें पाणी येई, तेव्हां हा धोका कमी होता. म्हणून घरमोटारीची टांकी भरतांना यजमानांस विचारावें, आणि अंघोळ बादलीनेंच करावी. सांडपाणी व शौचाची टांकी कोठें रिकामी करावयाची हें निघण्यापूर्वींच ठरवावें. तशी सोय नसेल तर गाडी नेऊं नये, राहुटींत राहावें. मी तर म्हणेन तेंच बरें. विहिरीजवळ किंवा पुळणीवर टांकी मोकळी करणाऱ्यास सुशिक्षित म्हणवून घेण्याचा अधिकार नाहीं.

दुसरें, वाडीवाल्याशीं पैशांची घासाघीस. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलें. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळ व पोफळी शेंकड्यांनीं आडव्या झाल्या. श्रीवर्धन, दिवेआगरच्या बाजूस तर नांवाजलेल्या सुपारीच्या वाड्या उघड्या पडल्या. झाड मोडलें म्हणजे एका वर्षाचें पीक गेलें असें नव्हे. पोफळीचें रोप फळास यावयास पांच ते सात वर्षें लागतात, नारळास त्याहूनही कधीं अधिक. मधल्या काळांत वाडी कशावर चालावी? पुष्कळांचें घर पाहुण्यांवर चाललें. आमच्या यजमानांनीं हिशेब देतांना माळा भेट म्हणून द्यावयास काढल्या. आम्हीं रस्त्यावरच्या दरानें पैसे दिले आणि वेणी घालण्याची मजुरी कापून घेण्याचा त्यांचा विनोद हंसून सोडून दिला. दोन माळा आमच्या स्वयंपाकघरांत हवेशीर जागीं टांगल्या. चातुर्मास पाळणाऱ्या घरास कांदेनवमीपर्यंत त्या संपविणें प्राप्तच होतें.

निघावयाच्या सकाळीं यजमान आम्हांस वाडीच्या मागल्या भागांत घेऊन गेले. वादळानें मोकळ्या झालेल्या जागीं त्यांनीं २०२० च्या पावसाळ्यानंतर पोफळी लावल्या होत्या, केळींच्या सावलींत, ओळीनें. बहुतेक अजून माथ्याएवढ्याच होत्या. तीन झाडांना त्या वर्षीं प्रथमच घोंस धरला होता, आणि ते आम्हांला एक एक करून त्यांनीं दाखविले.