पाटणची हलगी आणि टेबलावरचे यंत्र

खऱ्या तालवाद्यांचे आवाज स्मृतीत साठवून ते हव्या त्या क्रमाने वाजविणारे तालयंत्र अमेरिकेत रॉजर लिन यांनी १९८० साली बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात तयार झालेले ‘फेअरलाइट’ हे यंत्र तर त्याहून कितीतरी महाग. ते घेणे नामांकित ध्वनिमुद्रणगृहांना आणि कीर्तीच्या शिखरावरील गायकांनाच शक्य होते. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘टीनएज एंजिनीअरिंग’ या स्वीडिश कंपनीने ‘ईपी-१३३’ हे वहीएवढे यंत्र २९९ डॉलरला विक्रीस काढले. तेव्हाच्या दराने हे सुमारे पंचवीस हजार रुपये होतात, आयातकर वेगळा. पाटणसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला एकट्याने ही रक्कम उभी करणे जड आहे, पण चौघांनी वर्गणी काढली तर ती आवाक्याबाहेरची नाही. यंत्र चार लहान बॅटऱ्यांवर चालते, त्यामुळे वीज गेली म्हणून अडत नाही. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना विजेच्या जाण्यायेण्याचे कौतुक निराळे सांगायला नको.

हे यंत्र करते तरी काय? कोणताही आवाज ते मायक्रोफोनने टिपते आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करून साठवते. सीडीच्या दर्जाचा आवाज ठेवायचा तर सेकंदाला ४४,१०० नोंदी लागतात. म्हणूनच स्मृती महाग होती त्या काळात, १९८७ साली निघालेल्या ‘एसपी-१२००’ या नावाजलेल्या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. साठविलेला आवाज बटण दाबताच वाजतो. तो उंच करता येतो, खाली आणता येतो, कापता येतो, उलटा फिरविता येतो. यंत्राचा दुसरा भाग हा क्रम लावणारा. कोणता आवाज कोणत्या मात्रेवर यावा हे एकदा सांगितले, की ते आवर्तन यंत्र न थकता फिरवीत राहते.

‘न थकता’ या शब्दांतच वादाचे मूळ आहे. थकणारा माणूस जिथे उभा होता तिथे हे यंत्र येऊन उभे राहते, आणि थकणाऱ्या माणसाला घर चालवायचे असते. आपल्या भागात याचा अनुभव नवा नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेत तलवारी घडविणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेचा हात यांचा लौकिक देशभर पसरला. पुढे बंगळुरूच्या कारखान्यातून विजेवरचा तंबोरा निघाला आणि प्रवासाला निघालेल्या गायकाच्या पिशवीत तो जाऊन बसला. आता तर तंबोरा मोबाईलमध्येच वाजतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु मानांकनाने गिऱ्हाईक आपोआप येत नाही, हे तिथल्या कारागिरांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

तरीही यंत्रावर सरसकट बहिष्कार घालावा, हे म्हणणे मला पटत नाही. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तिचा खप यथातथाच झाला आणि ती विस्मरणात गेली. त्यातले एक यंत्र, ‘टीबी-३०३’, बास गिटार वाजविणाऱ्याच्या जागी बसावे म्हणून बनविलेले. त्या कामात ते नापास झाले आणि जुन्या बाजारात मातीमोल विकले जाऊ लागले. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ते तिथून उचलले आणि १९८७ पर्यंत त्यातून नृत्यसंगीताचा एक नवाच प्रकार जन्मला. पुढे चरणजित सिंगांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक थक्क झाले: शिकागोच्या आधी पाच वर्षे हा नाद मुंबईत कसा? वस्तू स्वस्त झाली आणि जिच्यासाठी ती बनविली नव्हती त्या माणसाच्या हाती पडली, एवढाच या घटनेचा अर्थ. पण तो लहान नाही.

आता हे यंत्र पाटणच्या मुलाच्या हाती पडले तर त्यातून कोणता आवाज निघेल? यंत्रासोबत येणारे आणि विकत मिळणारे आवाजांचे संच पाहावेत. त्यांत अमेरिकन ड्रम असतात, ‘भारतीय’ म्हणून तबला आणि पंजाबी ढोल असतो. आपली हलगी क्वचितच आढळते. संबळ, घुमके, कैताळ यांची तर गोष्टच सोडा. मग आपला मुलगा तयार ताल उचलतो, तो ‘डॉल्बी’च्या भिंतीवरून वाजतो, आणि बनपुरीच्या नाईकबाच्या यात्रेपासून दिल्लीच्या वरातीपर्यंत एकच धडधड ऐकू येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती किती पाळली जाते हा स्वतंत्र लेखाचा विषय. माझी तक्रार आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या उसनेपणाबद्दल अधिक आहे.

खरे तर हे यंत्र उसने घेण्यासाठी नाहीच. ते टिपण्यासाठी आहे. हलगी वाजण्यापूर्वी जाळावर शेकतात, कातडे ताणले की तिचा आवाज चढतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाड टिपऱ्याचा ठोका वेगळा, काडीची थरथर वेगळी, कडेजवळचा आवाज आणखी वेगळा. कुस्तीच्या मैदानात मल्ल खडाखडीला आले की वाजविणारा लय किंचित चढवितो, चितपट होताच ती सोडून देतो. यंत्राची सवय मात्र प्रत्येक ठोका सारख्या अंतरावरील घरात नेऊन बसविण्याची. सोळा घरांची त्याची चौकट आपल्या त्रितालाला छान बसते. सात मात्रांचा रूपकही थोड्या खटपटीने बसतो. पण हलगीवाल्याचे जे अर्ध्या केसाएवढे पुढेमागे होणे, त्याला घर नाही. घरात बसविण्याची ती सोय बंद करता येते, हे बहुतेक शिकाऊ मुलांना कोणी सांगतच नाही. ती बंद करून, गावच्या वाजविणाऱ्याला शेजारी बसवून, त्याचे ठोके एकेक करून टिपायला शिकविणे हे संगीत शिक्षकाचे काम होऊ शकेल. शाळेला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक परवडतो. त्या खर्चाच्या शेजारी या खर्चाचा विचार व्हायला हरकत नसावी. स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी ध्वनिक्षेपकाच्या भाड्यावर जाणाऱ्या रकमेचा हिशेब मुख्याध्यापकांनी एकदा करून पाहावा.

आणि इथेच पैशाचा प्रश्न सरळ विचारला पाहिजे. हलगी वाजविणारी बहुतेक घरे पिढ्यानपिढ्या मातंग समाजाची. गावाने त्यांच्याकडून वाजवून घेतले. मानाच्या जागी बसविले नाही. त्यांचे ठोके टिपून घेऊन पुढे त्यांना बोलावणेच बंद करणे, हा त्या जुन्याच व्यवहाराचा नवा प्रकार ठरेल. पारंपरिक ताल कोणाच्या मालकीचा नाही हे मान्य. पण विशिष्ट माणसाने केलेले विशिष्ट वादन ही वेगळी वस्तू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क स्पष्ट झाला. वादकाच्या संमतीवाचून त्याचे ध्वनिमुद्रण करता येत नाही, आणि हा हक्क आता पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी उपयोग झाल्यास त्याला मानधनाचा वाटाही मिळाला पाहिजे. कायदा मुंबईच्या चित्रपट कलावंतांना माहीत आहे. चाफळच्या किंवा ढेबेवाडीच्या हलगीवाल्याला तो कोणी वाचून दाखविलेला नसतो.

तेव्हा ज्या शाळा-महाविद्यालयांना असे यंत्र घ्यायचे असेल त्यांनी यंत्राच्या किमतीसोबतच वादकाच्या बैठकीची रक्कमही अंदाजपत्रकात धरावी. साध्या मराठीत लिहिलेला एक पानाचा करार पुरे: कोणी वाजविले, कधी टिपले, कशासाठी वापरणार, विकले गेले तर वाटा किती. सहीखाली वादकाचे पूर्ण नाव असावे, आणि मुलांनी केलेली रचना संमेलनात वाजेल तेव्हा सूत्रसंचालकाने ते नाव रचनाकाराच्या नावाआधी घ्यावे.