पाणी आलं की कॉम्प्युटर बंद

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका घरातला कॉम्प्युटर माझ्याकडं यायच्या आधी दोन दुकानं फिरून आला होता. एकानं रॅम बदलली. दुसऱ्यानं विंडोज नव्यानं टाकली आणि वर साडेचारशे वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बसवला. माझ्या टेबलावर तो तीन दिवस अखंड चालला, रात्रीसुद्धा बंद केला नाही. एकदाही कुरकुर नाही. ज्यांचा तो होता ते निवृत्त मास्तर वैतागून म्हणाले, "दुकानात शहाण्यासारखा वागतोय आणि घरी नेला की ह्याच्या अंगात येतंय."

असं झालं की मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो. अचानक बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज 'कर्नल-पॉवर 41' अशी एक नोंद टाकतं. कशामुळं बंद पडला ते त्यात कळत नाही, पण वेळ कळते. मास्तर पहाटे उठून जुन्या मोडी कागदांचं देवनागरीत टायपिंग करतात. सगळ्या नोंदी सकाळी सहा ते सातमधल्या होत्या. फोन लावून विचारलं, "सर, सहाला घरात काय काय चालू होतं?" मास्तर आठवत राहिले. मागून काकूंचा आवाज आला, "पाणी येतंय की ओ. मोटार लावतो."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कॉम्प्युटर, मल्टिमीटर, टेस्टर, सिरीजचा दिवा आणि वायरचं एक भेंडोळं घेऊन गेलो. जुना वाडा, भावाभावांत वाटलेला. खोलीच्या एका भिंतीवर लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, दुसरीवर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. वाटणी जशी झाली तशी वायर वाढत गेलेली. पावसाळ्याचे दिवस, शहाबादी फरशी ओलसर. कॉम्प्युटर चालू करून चप्पल काढली आणि कॅबिनेटच्या पत्र्याला बोटांची पाठ टेकवली. झिणझिण्या आल्या. काकू म्हणाल्या, "आम्हाला सवय झालीय त्याची."

ही सवय कोल्हापुरात घरोघर आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडं जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असलं की त्यांतून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. नसलं की पत्रा 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर अधांतरी राहतो. एवढ्यानं माणूस मरत नाही. पण उद्या आतली फेजची वायर खरंच पत्र्याला टेकली, तर त्या करंटला जायला वाट तुमच्या अंगातूनच.

बोर्डाच्या तीन भोकांपैकी वरचं मोठं अर्थिंगचं, समोरून बघताना उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं. मीटरनं फेज आणि अर्थिंगमध्ये नव्वदच्या आसपास व्होल्ट दाखवले. डिजिटल मीटर इथं फसवतो. कुठंच न जोडलेल्या वायरवरही तो काहीतरी आकडा दाखवतो. म्हणून सिरीजचा दिवा लावला. फेज-न्यूट्रलवर लख्ख, फेज-अर्थिंगवर काळा. बोर्ड उघडला तर अर्थिंगच्या पिनला वायरच नव्हती.

निदान काहीच नव्हतं, हे मी त्या घराचं नशीब मानतो. काही ठिकाणी वायरमन अर्थिंग आणि न्यूट्रल यांच्यात वायरचा बोटभर तुकडा मारून मोकळा होतो. मग झिणझिण्या थांबतात, टेस्टर लागत नाही, गिऱ्हाईक खूष. मागं कुठं न्यूट्रल तुटला की मात्र कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येऊन बसतात. इतका वाईट जुगाड मी दुसरा पाहिलेला नाही.

पण नुसतं अर्थिंग नाही म्हणून कॉम्प्युटर सहसा बंद पडत नाही. खाली मीटरपेटीपाशी अर्थिंग चांगलं होतं. तिथून भेंडोळ्याची वायर वर खोलीत आणली आणि ती धरून मोजायला बसलो. फेज 226, न्यूट्रल 2. सहा वाजून दहा मिनिटांनी नळाला पाणी आलं. काकूंनी अर्ध्या एचपीच्या मोटारीचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गेला. मास्तर टाळी वाजवायचेच राहिले होते.

मोटार चालू असताना पुन्हा मोजलं. फेज 224, म्हणजे जागेवर. न्यूट्रल मात्र 17 वर चढलेला. म्हणजे महावितरणकडून येणारी फेज ठीक होती, दोष न्यूट्रलमध्ये होता. ही मोटार चालताना चारेक अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. चालताना 15 व्होल्ट खाणारा जोड सुरुवातीच्या झटक्याला किती खात असेल, ते मीटर पकडू शकत नाही. एसएमपीएस पकडतो. विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं आणि पूर्ण लोडवर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. पंखा तेवढ्यात जरा मंद होतो, दिवा मिचकतो, कुणाचं लक्ष जात नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळं तो तर या भानगडीत पडतच नाही.

मेन स्विच बंद करून मास्तरांच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनमामांना बोलावलं. भिंतीतलं काम मी करत नाही. मामांनी पट्टी काढत काढत स्वयंपाकघराच्या दारावर, देवाच्या तसबिरीमागं, जोड शोधला. जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि नवी तांब्याची, नुसता पीळ मारून वर काळी टेप. ॲल्युमिनियम आणि तांबं असं थेट जोडलं की ओलीत गंजतं, जोड ढिला होतो, तापतो, तापला की आणखी ढिला होतो. टेप वितळून लाकडी पट्टीला चिकटली होती, पट्टी करपून तपकिरी झालेली. 15 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर म्हणजे 60 वॅट. मोटार चालू असेपर्यंत कोरड्या लाकडाच्या पोटात रोज साठचा बल्ब जळत होता. काकूंनी तो जोड हातात घेऊन वास घेतला आणि काही न बोलता मास्तरांकडं बघितलं.

2019 आणि 2021 च्या पुरानंतर शाहूपुरी, दुधाळीकडची अशी कितीतरी घरं मी पाहिली. लोकांनी बोर्ड उन्हात वाळवले आणि तेच परत बसवले. आत पंचगंगेचा गाळ तसाच. काही महिन्यांनी पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या आणि मग कॉम्प्युटर 'हँग' व्हायला लागले. उन्हाळ्यात वेगळाच प्रकार. अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा-मीठ वाळून जातं, आणि स्पीकरमधून घूं असा आवाज यायला लागला की लोक साउंड कार्ड बदलून मागतात. त्यातल्या काही घरी मी दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतायला सांगितलं आणि घूं थांबलं.

इकडं मास्तरांच्या घरी मामांनी मीटरपासून अर्थिंगची नवी वायर ओढली, न्यूट्रल तांब्याचा केला आणि करंट गळला की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मास्तरांचा जुना एसएमपीएस मी तपासून परत लावून दिला. तो चांगलाच होता.

तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीला आणाल त्या वेळी रॅम किती आहे हे नाही सांगितलं तरी चालेल. तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं, तेवढं सांगा.