काचबिंदू आणि लेसर उपचार

मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याची जुनी सवय काचबिंदूच्या बाबतीत फार महागात पडते. मोतीबिंदूने मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. डोळ्यात सतत पाझरणारा द्रव बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. हा निचरा मंदावला की दाब वाढतो आणि दृष्टीच्या मज्जातंतूचे धागे बहुधा वेदनेविनाच नष्ट होत जातात. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो.

तो उतरविण्यासाठी दीर्घकाळ थेंबांवरच भिस्त असे. रोज, जन्मभर, न चुकता! (किती जणांना हे साधते, हा प्रश्नच आहे.) ‘सिलेक्टिव्ह लेसर ट्रॅबेक्युलोप्लास्टी’ या उपचारात हिरव्या प्रकाशाचे क्षणिक झोत त्या जाळीवर सोडतात. जाळी भाजली जात नाही. तिच्यातील रंगद्रव्ययुक्त पेशी उद्दीपित होऊन निचरा सुधारतो. डोळा बधिर करून, रुग्ण बसलेला असतानाच, काही मिनिटांत काम आटोपते. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रथम लेसर घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून आटोक्यात होता.

मात्र हा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो. तेव्हा उपचार पुन्हा करता येतो. निचऱ्याचा कोनच बंद असल्यास तेथे निराळा लेसर लागतो. थेंब बंद झाले तरी दाबाची आणि दृष्टिक्षेत्राची नियमित तपासणी चालूच ठेवावी लागते.