शून्य, की नोंदच नाही? सर्व्हरचा लॉग रचताना

माझ्या पीएचडीचा एक भाग असा आहे : जिथे नेटवर्क कधी येतं कधी जातं, तिथून गोळा केलेली माहिती सर्व्हरपर्यंत पूर्ण पोचते का, आणि पोचली नाही तर आपल्याला ते कळतं का. त्यासाठी मागे एका मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातल्या काही गावांत तेंदू हंगामाच्या नोंदी टॅबवर घेतल्या. हंगाम जेमतेम काही दिवसांचा. माणसं पहाटे जंगलात जातात, पानं तोडतात, पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर आणून मोजून देतात. मजुरी शेकडा पुड्यांवर. फळीवर नोंद ठेवणारा मुलगा ती टॅबवरही भरायचा, आणि नेटवर्क मिळालं की फॉर्म माझ्या सर्व्हरवर यायचे.

हंगाम संपल्यावर तक्ता सरांना दाखवला. एका फळीसमोर सलग दोन दिवस शून्य होतं. सरांनी विचारलं, "त्या दिवशी पानं आलीच नाहीत, की तुझ्याकडे नोंद आली नाही?"

मी म्हटलं, लॉग बघून सांगते. आणि लॉग उघडला. त्यात काय होतं? "इथपर्यंत आलं". "सेव्ह झालं नाही". "इथपर्यंत आलं". अशा हजारो ओळी. कोणता फॉर्म, कोणत्या गावाचा, किती वाजता, काहीच नाही. कोड लिहिताना मी माझ्या सोयीसाठी जे छापत होते, तेच तसंच सर्व्हरवर गेलं होतं. अवकाळी पावसामुळे पानं तोडली नसतील हे शक्य होतं, आणि माझ्या प्रोग्रामने फॉर्म गिळले असतील हेही तेवढंच शक्य होतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी ही पोस्ट त्या दोन दिवसांवरून लिहिते आहे. लॉगिंगचं प्रकरण पुस्तकात शेवटी असतं आणि सगळेच ते सोडून देतात. मीही सोडलं होतं.

थोडं विषयांतर करते, पण ते याच जिल्ह्यातलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून गडचिरोलीत काम करते. घरोघरी नवजात बाळाची काळजी या त्यांच्या प्रयोगाचा निबंध १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. तो वाचताना सगळ्यांचं लक्ष मृत्युदर किती घटला याकडे जातं. मला आता त्यातली मोजायची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. गावात जन्म-मृत्यूची नोंद सतत ठेवली जायची, आणि शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघरी वेगळी पाहणी व्हायची. पहिल्या नोंदीतून सुटलेलं दुसरीत सापडावं म्हणून. कारण 'या गावात एकही बाळ दगावलं नाही' आणि 'या गावातला मृत्यू कुणी लिहिला नाही' ही दोन्ही वाक्यं कागदावर सारखीच दिसतात. पुढे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलं, की सरकारी नोंदीत महाराष्ट्रातले बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी दिसत होते.

माझ्या तेंदूच्या तक्त्यातलं शून्य त्याच जातीचं होतं.

आता रचनेकडे येऊ. ग्रामपंचायतीतलं आवक-जावक रजिस्टर आठवा. पत्र आलं की बाबू क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय एवढं लिहितो. ते पुढे तहसीलला पाठवायचं, फाईलला लावायचं की सरपंचांना दाखवायचं हे त्या ओळीत ठरत नाही. लॉगिंगचं मूळ सूत्र हेच. काय घडलं ते प्रोग्रामने एकदाच, नीट सांगायचं. ते कुठे जाईल, किती जाईल आणि कोणत्या रूपात जाईल, हे प्रोग्रामच्या बाहेर ठरलं पाहिजे.

ही कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' या ईमेल सॉफ्टवेअरसोबत 'सिसलॉग' लिहिलं. प्रोग्राम फक्त म्हणतो : मी अमुक प्रकारचा, बातमी अमुक गंभीर, मजकूर हा. गांभीर्याच्या आठ पायऱ्या, ० म्हणजे यंत्रणाच कोसळली आणि ७ म्हणजे डिबगची बडबड. तो मजकूर फाईलमध्ये जाईल की दुसऱ्या मशीनवर, हे वेगळ्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये. सुरुवातीला हे एका ईमेल सॉफ्टवेअरपुरतं होतं, पण बाकीच्यांनी उचललं आणि पुढे इंटरनेटचं रीतसर मानक झालं.

पायथन वापरणाऱ्यांना हीच कल्पना २००३ पासून, म्हणजे २.३ आवृत्तीपासून, भाषेसोबतच मिळते. त्यात चार पात्रं आहेत. लॉगर नोंद घेतो. हँडलर ती कुठेतरी पोचवतो. फॉरमॅटर तिला रूप देतो. फिल्टर नको ते अडवतो किंवा बदलतो. एका लॉगरला कितीही हँडलर लावता येतात आणि प्रत्येकाची गांभीर्याची पायरी वेगळी ठेवता येते : फाईलमध्ये सगळं, आणि माझ्या मोबाईलवर फक्त एरर. लॉगरची नावं टिंबांनी जोडलेली असतात, उदाहरणार्थ 'सर्व्हर.स्वीकार.तपासणी', आणि मुलगा आईबापाचे नियम वारशाने घेतो. त्यामुळे फक्त 'तपासणी'पुरती डिबग पातळी उघडता येते, बाकी सर्व्हर शांत. तेवढी सोय करून ठेवली तर हे सर्व्हर चालू असतानाही करता येतं. ही लवचीकता मला सगळ्यात उपयोगी वाटते. कारण अडचण येते तेव्हा सर्व्हर रीस्टार्ट केला, की बऱ्याचदा अडचणच निघून जाते आणि पुरावाही.

दुसरा बदल मजकुराचा. "सेव्ह झालं नाही" हे वाक्य माणसासाठी आहे. हजारो ओळींत शोधायचं असेल तर वाक्य चालत नाही, रकाने लागतात. आता माझ्या सर्व्हरची ओळ साधारण अशी दिसते :

घटना=सेव्ह_अपयश, फॉर्म=७-००४३, फळी=७, प्रयत्न=२, कारण=जागा_संपली

यातला फॉर्म क्रमांक टॅबवरच जन्मतो आणि सर्व्हरच्या प्रत्येक टप्प्यावर सोबत फिरतो. स्वीकारला, तपासला, साठवला, पोच पाठवली, सगळीकडे तोच. मग एका फॉर्मची पूर्ण कुंडली एका शोधात मिळते. गूगलने २०१० मध्ये 'डॅपर' नावाच्या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला. एक रिक्वेस्ट शेकडो मशीनमधून जाते तेव्हा तिचा माग असाच एका क्रमांकाने कसा काढायचा, हे त्यात आहे. पीएचडीला जाण्याआधी जरूर वाचा, भाषा सोपी आहे.

वेळेचा घोळ मात्र मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपल्याकडे दरवर्षीचं. अशा भागातला टॅब चार दिवसांचे फॉर्म एकदम पाठवतो. सर्व्हरने फक्त आपली वेळ लिहिली, तर चार दिवसांचं काम एका तासात झालेलं दिसतं. टॅबची वेळ घ्यावी, तर बॅटरी पूर्ण उतरल्यावर एका टॅबची तारीख मागे गेलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून दोन्ही वेळा लिहायच्या, वेगवेगळ्या रकान्यांत, आणि क्रम ठरवायला घड्याळावर विसंबायचं नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात हेच मांडलं : वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम लावायला साधा वाढता मोजणीअंक पुरतो.

तोच अंक मला शून्याच्या प्रश्नासाठीही कामी आला. प्रत्येक टॅब आपल्या नोंदींना १, २, ३ असे अंक देतो. सर्व्हरवर ४१, ४२ आणि मग एकदम ४५ आला, तर मधले दोन हरवलेत किंवा अजून यायचे आहेत. अंक सलग असतील तर मधे काही सुटलेलं नाही. पण शेवटच्या अंकानंतर शांतता असेल तर? यासाठी टॅब रोज रात्री एक नोंद स्वतःहून टाकतो : 'आज फॉर्म ०, चालू आहे'. तिलाही पुढचा अंक मिळतो. काहीच घडलं नाही, हीसुद्धा घटना म्हणून लिहायची. मी शिकलेलं सगळं एका ओळीत सांगायचं झालं तर हेच सांगेन.

आता तुम्ही म्हणाल, सगळंच लिहीत बसलो तर डिस्क भरेल. भरतेच. वरच्या ओळीतलं 'जागा_संपली' हे कारण मी कल्पनेने लिहिलेलं नाही. लॉग लिहिता लिहिता सर्व्हरच बंद पडणं ही आपल्या क्षेत्रातली जुनी लाजिरवाणी गोष्ट आहे. उपाय दोन. फाईल ठरावीक आकाराची झाली की नवी सुरू करून जुन्या पुसत जाणं. आणि नोंद थेट डिस्कवर न टाकता मर्यादित लांबीच्या रांगेत टाकणं. रांगेतून उचलून लिहिण्याचं काम वेगळा थ्रेड करतो, त्यामुळे फॉर्म स्वीकारणं अडत नाही. रांग भरली तर काय टाकून द्यायचं हे आधीच ठरवायचं : आधी डिबग, मग माहितीपर नोंदी. किती टाकल्या त्याचा आकडा मात्र लिहायचाच, नाहीतर पुन्हा तेच शून्य. 'फॉर्म आला' आणि 'फॉर्म साठवला' या दोन नोंदी माझ्या संशोधनाचा पुरावा आहेत. त्या या रांगेत जातच नाहीत. त्यांचा मार्ग वेगळा, तिथे लिहून झाल्याशिवाय टॅबला पोच जात नाही. त्याने सर्व्हर थोडा मंदावतो. मंदावू दे.

लवचीकतेचा अतिरेक कसा अंगलट येतो, याचं उदाहरण डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. जावाच्या जगात सर्रास वापरली जाणारी 'लॉगफोरजे' ही लायब्ररी. तिच्यात अशी सोय होती, की नोंदीच्या मजकुरात विशिष्ट कंसातली खूण दिसली की लायब्ररी तिचा अर्थ लावायची, आणि त्यात पत्ता असेल तर बाहेरच्या सर्व्हरकडे विचारणाही करायची. बाहेरच्या कुणीही ती खूण आपल्या नावाच्या जागी किंवा चॅटमध्ये टाकली, आणि सर्व्हरने ती भोळेपणाने लॉगमध्ये लिहायला घेतली, की हल्लेखोराचा कोड सर्व्हरवर चालायचा. 'माइनक्राफ्ट' या खेळात तर चॅटमधली एक ओळ पुरत होती. ही सोय लायब्ररीत २०१३ पासून होती. नोंद कुठे जाईल हे हवं तेवढं बदलू द्या, पण आलेला मजकूर हा मजकूरच राहिला पाहिजे. रजिस्टरमध्ये पत्राचा विषय लिहिणारा बाबू त्या विषयातला हुकूम पाळायला धावत नाही.

आणखी एक, थोडक्यात. लॉगमध्ये माणसांची नावं आणि फोन नंबर नकळत जातात. नीतिसमितीकडे आपण डेटाची परवानगी मागतो, लॉग फाईलची आठवण कुणालाच राहत नाही. माझ्याकडे आता ते फिल्टरमध्येच पुसलं जातं, हँडलरपर्यंत पोचतच नाही. लॅपटॉपवर घेतलेल्या जुन्या लॉगच्या प्रतीही शोधून काढाव्या लागल्या, ते काम कंटाळवाणं होतं.

पुढच्या हंगामात नवी रचना लावली. एका फळीचे अंक १७ वरून थेट २३ वर गेले आणि लॉगने त्याच रात्री ओरडून सांगितलं. फोन केला, तर टॅब गावातच होता आणि मधले फॉर्म त्यात शाबूत होते. दुसऱ्या दिवशी आले.

आधीच्या वर्षीचे ते दोन दिवस मात्र गेले ते गेले. मी त्या गावी जाऊन ग्रामसभेचं रजिस्टर बघायला मागितलं. त्या पानांवर पाणी सांडलेलं होतं, अंक वाचता येत नव्हते. माझ्या तक्त्यात तिथे आता शून्य नाही. रेघ आहे, खाली तळटीप आहे, आणि सरासरी काढताना ते दोन दिवस बाहेर ठेवले आहेत.