चाळिशीच्या उंबरठ्यावर कळणारा पीसीओएस

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, हा बहुधा वयात येताना सुरू होणारा विकार. तरी अनेकींना त्याचे नाव पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा ऐकू येते. आजार नव्याने जडला असे तेव्हा वाटते. बहुतेकदा तो जुनाच असतो, उमगतो तेवढा उशिरा.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असल्या की निदान होते: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा वाढलेला प्रभाव आणि सोनोग्राफीत अंडाशयावर दिसणारे अनेक बारीक कोश. हे कोश म्हणजे गाठी नव्हेत, वाढ अर्धवट थांबलेले बीजकोश होत. मात्र असाच त्रास देणारे दुसरे आजार आधी वगळावे लागतात, आणि वय जितके जास्त तितकी ही अट महत्त्वाची.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींची केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींत हा विकार निघाला, अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के. त्या वयात तपासणीच झाली नाही तर निदान पुढे ढकलले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण, वेंगुर्ल्याच्या गावांतही लग्नाआधी ‘पाळी मागेपुढे होतेच’, बाळंतपणानंतर ‘अंगावर पाजतेय म्हणून’ आणि चाळिशीत ‘आता जायची वेळ झाली’ अशी समजूत घालून त्रास अंगावर काढला जातो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पाळी वेळेवर येते, पण ती गोळ्यांची असते. गोळ्या बंद केल्यावर मूळ अनियमितपणा उघडा पडतो.

विकार उशिरा उमगण्याचे दुसरे कारण वजन. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते, आणि ते अंडाशयाला जास्त अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, बनवायला लावते. त्यामुळे तिशीत वजन वाढल्यावर आधी सौम्य असलेला विकार ठळक होतो. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट या औषधानेही अशी लक्षणे दिसू शकतात.

गंमत अशी की पीसीओएस असलेल्या अनेकींची पाळी वय वाढते तशी उलट नियमित होत जाते. म्हणून आयुष्यभर वेळेवर आलेली पाळी चाळिशीत प्रथमच बिघडली, तर पीसीओएसपेक्षा थायरॉइड, प्रोलॅक्टिन किंवा रजोनिवृत्तीची चाहूल यांचा विचार आधी करावा लागतो. काही महिन्यांतच दाढी-मिशीचे केस दाट झाले, आवाज घोगरा झाला, टक्कल पडू लागले, तर अंडाशय किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीची शंका घेऊन टेस्टोस्टेरॉन तातडीने तपासतात. सोनोग्राफी आणि प्राथमिक तपासण्यांसाठी ओरोसचे जिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी जिल्ह्यातले अनेक रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जातात.

उपचार स्त्रीला काय हवे त्यावर ठरतात. मूल हवे असेल तर बीज सुटावे म्हणून लेट्रोझोल, नको असेल तर पाळी व केसांसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, साखरेचा कल दिसला तर मेटफॉर्मिन. पस्तिशीनंतर संयुक्त गोळ्या देताना रक्तदाब, तंबाखूचे व्यसन आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास पाहावाच लागतो. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरले तरी फरक पडतो. त्यासाठी बांगडा-तारल्यावर राग काढण्याचे कारण नाही. ताटातला भाताचा डोंगर आणि चहाबरोबरची खारी-बिस्किटे यांकडे पाहणे अधिक उपयोगी.

दुर्लक्ष करू नये असा भाग गर्भाशयाचा. महिनोन्‌महिने पाळी आली नाही की आतले अस्तर जाड होत राहते, आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबली, तर गर्भधारणा नाही याची खात्री करून प्रोजेस्टेरॉन देऊन ती आणतात. मधुमेहाची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी करतात. पाळी कायमची गेल्यावर अनियमितपणाचा प्रश्न उरत नाही, पण नको तिथले केस आणि साखर-रक्तदाबाचा धोका टिकून राहू शकतो, त्यामुळे या तपासण्या त्यानंतरही चालू ठेवतात.