जामीनदार मामा

सही करण्याच्या बाबतीत आम्हा मास्तर मंडळींचा हात मोठा सैल. हजेरीपट, उत्तरपत्रिका, दाखले, सहलीचे अर्ज. दिवसाकाठी पन्नास सह्या सहज होतात. त्यामुळे २०१४ च्या उन्हाळ्यात बँकेतल्या एका गृहस्थांनी पेन्सिलीच्या फुल्या मारलेले कागद पुढे सरकवून "येथे, येथे आणि येथे" असे म्हटले, तेव्हा मी तिन्ही ठिकाणी सही केली आणि त्यांनी मागवलेला चहा प्यालो. वर्गात मी मुलांना ओळींच्या मधले वाचावयास शिकवतो. त्या दिवशी मी ओळीसुद्धा वाचल्या नाहीत.

भाच्याला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मेहुणे आधीच गेलेले. बहीण कराडकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका. कर्ज सहा लाखांचे. चार लाखांच्या वर गेले की त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या माणसाची जामिनकी लागे. म्हणून सहकर्जदार आई आणि जामीनदार मामा. माझे पगाराचे खाते त्याच शाखेत, तेव्हा पत्रव्यवहाराचा पत्ताही माझाच दिला. घरी मात्र सौभाग्यवतीला या जामिनकीबद्दल काही बोललो नाही. तिने विचारले नाही, असे मी पुढे म्हणून पाहिले. ते चालले नाही.

चार वर्षे शिक्षण आणि पुढे एक वर्ष, असा पाच वर्षांचा काळ हप्त्याविना गेला. या सवलतीच्या काळाविषयी आपल्या लोकांत मोठा गोड गैरसमज आहे. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते! वास्तविक पहिला पैसा कॉलेजच्या खात्यात पडला, त्याच दिवसापासून व्याज चालू होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असले, तर व्यावसायिक शिक्षणासाठी हे व्याज भरण्याची केंद्र सरकारची योजना २००९ पासून होती. बहिणीचे उत्पन्न त्या रेषेच्या किंचित वर. ही किंचित वरची माणसे मोठी दुर्दैवी असतात, पण तो विषय निराळा.

२०१९ मध्ये भाच्याला हिंजवडीला नोकरी लागली. पगार चोवीस हजार. आम्ही पेढे वाटले. आणि ऑक्टोबरात, दिवाळीच्या चार दिवस आधी, बँकेची दोन पाकिटे माझ्या घरी आली. एक माझ्या नावाचे, एक बहिणीच्या नावाचे. दोन हप्ते थकले होते. तिसराही चुकून नव्वद दिवस उलटले की कर्ज बुडीतखात्याच्या वाटेला लागते आणि तिघांच्याही नावाला बट्टा लागतो, हे मला शाखेत जाऊन विचारल्यावर कळले.

भाऊबीजेला मी गेलो तो बहिणीचे पाकीट सदऱ्याच्या खिशात घालून. पाकीट तिचे, तेव्हा ते तिच्या हाती देणे हे माझे कर्तव्य. पाटावर बसलो. ती ओवाळीत होती. तिने नवे पातळ नेसलेले होते आणि ते भाच्याने पहिल्या पगारातून आणले, हे ती मला तिसऱ्यांदा सांगत होती. ओवाळणी काढण्यासाठी मी खिशात हात घातला, तेव्हा बोटांना आधी ते पाकीट लागले. मी दुसऱ्या खिशातली नोट काढून तबकात टाकली. समोर उभ्या असलेल्या भाच्याने पाकिटाचा निळा कोपरा पाहिला होता. त्याचा चेहरा पडला.

रात्री आई निजल्यावर आम्ही दोघे ओसरीवर बसलो. उपदेशाची चार वाक्ये मी वाटेत तयार केली होती. त्यातले पहिले "अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे.

"मामा, अंथरूणच भाड्याचे आहे," तो म्हणाला.

मग मी उपदेश गुंडाळला आणि कागद घेतला. पाडव्याला आपल्याकडे व्यापारी जमाखर्चाच्या नव्या वह्या पूजतात. आम्ही एक दिवस उशिरा पूजा मांडली, इतकेच. फ्लॅटचा वाटा आठ हजार. नव्या मोटारसायकलीचा हप्ता चार हजार. मोबाईलचाही हप्ता. बाहेरचे जेवण, पेट्रोल आणि आईला दरमहा तीन हजार. "ते बंद करणार नाही," तो आधीच म्हणाला. बँकेचा हप्ता कशातून जाणार होता, हे त्या कागदावर कोठेच दिसत नव्हते.

आता कर्जाचा हिशेब. प्रत्यक्ष व्याजदर अधिक होता, पण सोयीसाठी दहा टक्के सरळव्याज धरू. दरवर्षी दीड लाख उचलले. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. बेरीज दोन लाख दहा हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच सहा लाखांचे आठ लाख दहा हजार झालेले! दहा वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे १०,७००, आणि अखेरीस भरलेली रक्कम पावणेतेरा लाखांच्या वर. तेच पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १७,२०० आणि एकूण सव्वादहा लाखांच्या थोडे वर. मधले अडीच लाख कोणाचे?

त्याहून मला टोचली ती दुसरी गोष्ट. शिकत असतानाच नुसते व्याज भरीत गेलो असतो, तर पहिल्या वर्षी महिना १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५०० असे पडले असते. आरंभीची दोन वर्षे तरी ते मला जमले असते. त्या दिवशीचा कागद मी वाचला असता तर.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटले, सगळेच असे राहतात." त्याच्या फ्लॅटमधली इतर तीन मुले तशीच राहत होती, त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हते, एवढाच फरक.

थकलेले दोन हप्ते मी भरले. मोटारसायकल त्याने डिसेंबरात विकली. तिचे कर्ज फिटून हाती अकरा हजार आले, ते मला आणून दिले. फ्लॅट सोडून तो कॉट बेसिसवर एका जुन्या वाड्यात गेला. डबा लावला, बसचा पास काढला. विद्यार्थी असताना राहत होता तसाच आणखी काही वर्षे राहावयाचे, असे त्याने ठरवले. हे लिहावयास सोपे आहे. ऑफिसातल्या मित्रांनी गोव्याला चल म्हटले असता नाही म्हणणे सोपे नाही. तो दोनदा गेलाही. मी काही बोललो नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. ती ऑगस्टपर्यंत होती. भाच्याचा फोन आला, "मामा, घेऊ का सवलत?" मी उत्तर देण्याआधीच तो म्हणाला, "व्याज चालूच राहणार ना?" मला वर्गात क्वचित होतो तसा आनंद झाला. ज्यांचा रोजगारच गेला त्यांना ती सवलत आवश्यक होती. याची नोकरी शाबूत होती. तो गावी येऊन आईच्या घरून काम करू लागला. भाडे नाही, डबा नाही. त्या दीड वर्षात त्याने दुप्पट हप्ते भरले. मुदतीआधी फेडले म्हणून बँकेने दंडही लावला नाही.

मध्यंतरी कोणा शहाण्याने त्याला सांगितले की, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०-ई खाली आठ वर्षे प्राप्तिकराची वजावट मिळते, तेव्हा कर्ज लवकर फेडणे मूर्खपणाचे. वजावट मिळते हे खरे. तीही जुन्या करपद्धतीत. पण वीस टक्के कर भरणाऱ्याचे शंभर रुपये व्याजामागे फार तर वीस वाचतात. उरलेले ऐंशी जातातच.

दहा वर्षांचे कर्ज २०२४ च्या उन्हाळ्यात, पाच वर्षांत फिटले. बेबाकीचा दाखला माझ्या पत्त्यावर आला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो मी बहिणीला दिला. तिने दोनदा वाचला, देवापुढे ठेवला आणि म्हणाली, "माझा मुलगा एक हप्तासुद्धा चुकला नाही, बघ." भाचा ताटाकडे पाहू लागला. मी आणखी एक करंजी मागितली. २०१९ चे ते पाकीट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, न फोडलेले.

परवा भाच्याचा फोन आला. लग्न ठरते आहे, घर पाहतो आहे, बँकेला बहुधा जामीनदार लागेल. मी म्हटले, कागद घेऊन ये. तो आला. कागद बत्तीस पानांचे होते. मी चष्मा शोधू लागलो, तो सौभाग्यवती खुर्ची ओढून बसली, आपला चष्मा लावला आणि पहिले पान वाचू लागली.